होल्डनच्या जिभेवर जाऊ नका

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी अकरावीत आहे. 'द कॅचर इन द राय' ही कादंबरी तिनं दोन महिन्यांत तीनदा वाचली, म्हणून मीही हातात घेतली. नायक चार विषयांत नापास, शाळेतून काढलेला, उठसूट खोटं बोलणारा, वाक्यागणिक शिवी देणारा, सिगारेटी फुंकणारा. चौथ्या प्रकरणापर्यंत कसाबसा पोचलो आणि ठेवून दिली. यात आवडण्यासारखं काय आहे, असं तिला विचारलं, तर म्हणाली, 'बाबा, तुम्हाला नाही कळणार.' असा नायक मुलांना का आवडतो? आणि माझ्यासारख्यानं ही कादंबरी कशी वाचावी, म्हणजे निदान थोडी मजा तरी येईल?"

तुम्ही अगदी उंबरठ्यापर्यंत आलात आणि चपला घालून परत फिरलात. पाचवं प्रकरण तेवढं वाचायला हवं होतं, काही पानांचंच आहे. त्याच्याकडे येतेच. आधी मी कुठे उभी राहून बोलतेय ते सांगते.

गेली २२ वर्षं मी नाशिकमध्ये नववी ते बारावीच्या मुलामुलींबरोबर कादंबऱ्या वाचते. शनिवारी संध्याकाळी, एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, सतरंजीवर बसून. परीक्षा नाही, गुण नाहीत, 'लेखकाला काय सुचवायचे आहे' हा प्रश्न विचारायला बंदी. या पुस्तकावर आम्ही आजवर सात-आठदा तरी बसलो असू. दर वेळी निम्मी खोली नायकाच्या, म्हणजे होल्डनच्या बाजूनं असते आणि निम्मी त्याच्या अंगावर धावून जाते. मी स्वतः ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिशी ओलांडली होती आणि मलाही तुमच्यासारखंच वाटलं होतं: श्रीमंताघरचं वाया गेलेलं कार्टं. दुसऱ्यांदा वाचलं ते केवळ मुलांपुढे बसायचं होतं म्हणून. त्या वेळी जे दिसलं ते आधी का दिसलं नाही, याची अजून थोडी लाज वाटते.

तुमचा वैताग जुना आहे, हेही सांगून ठेवते. कादंबरी आली १९५१ मध्ये. १९६० मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्सा गावात एका शिक्षकाची नोकरी गेली, कारण त्यानं अकरावीच्या वर्गाला ही कादंबरी वाचायला सांगितली होती. पुढे त्याला परत घेतलं, पुस्तक मात्र अभ्यासातून काढलंच. म्हणजे अकरावीच्या पालकांची आणि या पोराची ही कुरबूर साठ-पासष्ट वर्षं चालू आहे. आणखी एक गंमत म्हणजे लेखक जे. डी. सॅलिंजर यांनी ती कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेलीच नव्हती. ती मोठ्यांची कादंबरी म्हणून छापली गेली आणि मुलांनी ती मोठ्यांच्या कपाटातून उचलून नेली. 'यंग अ‍ॅडल्ट' नावाचा वेगळा कप्पा पुस्तकांच्या दुकानात दिसू लागला तो नंतर.

आता पाचवं प्रकरण. होल्डनचा खोलीसोबती स्ट्रॅडलेटर एका मुलीला घेऊन फिरायला निघालाय आणि जाता जाता त्यानं होल्डनला आपला निबंध लिहायला सांगितलाय. एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन कर, असं काहीतरी. होल्डनला खोलीबद्दल काही सुचत नाही. तो लिहितो धाकट्या भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्याबद्दल. भाऊ अ‍ॅली डावखुरा. मैदानात उभं असताना चेंडू आपल्याकडे येत नाही तोवर वाचायला काहीतरी असावं, म्हणून त्यानं मोज्यावर सगळीकडे हिरव्या शाईनं कविता लिहून ठेवल्या होत्या. आणि मग, जणू विसरलेली गोष्ट आठवली अशा सुरात होल्डन सांगतो की तो आता नाही. रक्ताच्या कर्करोगानं गेला, अकरा वर्षांचा होता. ज्या रात्री गेला त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्यानं मुठीनं गॅरेजच्या सगळ्या काचा फोडल्या. तेव्हापासून त्याला ती मूठ धड आवळता येत नाही.

हे सांगताना त्याचा सूर रडवा होत नाही. तो गळा काढत नाही, 'मला फार दुःख झालं' असंही म्हणत नाही. काचा फोडणं मूर्खपणाचं होतं, हे तो स्वतःच कबूल करून टाकतो आणि पुढे सरकतो. स्ट्रॅडलेटर परत येतो, निबंध बघतो, चिडतो: खोलीवर लिही म्हटलं होतं, हे मोज्यावर काय लिहिलंस? होल्डन कागद ओढून घेतो आणि फाडून टाकतो.

मी मुलांना इथे थांबवते आणि वहीच्या पानाची मधोमध घडी घालायला लावते. डावीकडे लिहायचं 'जीभ', उजवीकडे 'हात'. होल्डन काय म्हणतो ते डावीकडे. काय करतो ते उजवीकडे. बाकी काही मत द्यायचं नाही. एवढाच खेळ पुस्तकभर चालू ठेवायचा.

डावी बाजू दहा मिनिटांत भरते आणि ती तुम्ही ओळखलीच आहे. सगळे खोटारडे, सगळे ढोंगी, ही शाळा भिकार, तो मास्तर कंटाळवाणा, सिनेमा नकोच, ती मुलगी अशी आणि हा मुलगा तसा. उजवी बाजू हळूहळू भरते आणि मुलं गप्प होत जातात.

आगगाडीतला प्रसंग घ्या. रात्री शाळेतून निघून तो न्यूयॉर्कला चाललाय. डब्यात एक बाई चढतात. त्या त्याच्या वर्गातल्या अर्नेस्ट मॉरो नावाच्या मुलाच्या आई निघतात. होल्डनच्या मते हा अर्नेस्ट म्हणजे शाळेतला सगळ्यात नालायक पोरगा. अंघोळ झाली की ओला टॉवेल मुलांच्या पार्श्वभागावर फटकारत फिरणारा. होल्डन त्या बाईंना आधी स्वतःचं नाव खोटं सांगतो. सांगतो काय, तर वसतिगृहाची झाडलोट करणाऱ्या माणसाचं नाव! आणि मग त्यांच्या मुलाची तारीफ सुरू करतो. अर्नेस्ट किती लाजाळू, किती विनयशील. वर्गाचा प्रमुख म्हणून मुलं त्यालाच निवडणार होती, पण त्यानं भिडेपोटी उभं राहायलाच नकार दिला. आई ऐकत राहतात. त्यांच्या चेहऱ्याचं जे काही होतं ते बघत होल्डन आणखी थापा मारत जातो. तुम्ही सुट्टीआधीच घरी कसे निघालात, असं त्यांनी विचारल्यावर मेंदूत गाठ झालीय, शस्त्रक्रियेला चाललोय, अशी लोणकढी ठेवून देतो.

आमच्याकडच्या एका नववीतल्या मुलानं हे वाचून म्हटलं, "बाई, हा आमच्या दादासारखा आहे. ताटावर बसलं की 'काय भिकार भाजी केलीय' म्हणतो आणि नंतर आईचं ताटही हाच उचलतो." मला वाटतं, होल्डनवर इतकं नेमकं मी स्वतः आजवर काही बोललेले नाही.

न्यूयॉर्कमध्ये सकाळी एका उपाहारगृहात त्याला दोन ख्रिस्ती जोगिणी (नन) भेटतात, शाळेत शिकवणाऱ्या. साधासा नाश्ता घेऊन बसलेल्या. तो त्यांना वर्गणी म्हणून दहा डॉलर देतो आणि नंतर कमी दिले म्हणून स्वतःवर चिडतो. धाकट्या बहिणीच्या, फीबीच्या शाळेत जातो तेव्हा जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी घाण शिवी लिहिलेली दिसते. स्वतः शिव्यांची लाखोली वाहणारा हा मुलगा हातानं ती पुसायला लागतो. लहान मुलं वाचतील, एकमेकांना अर्थ विचारतील, दोन दिवस घाबरून राहतील, या भीतीनं. पुसताना कुणी बघितलं तर आपणच लिहिली असं वाटेल, हीसुद्धा भीती आहेच. दुसऱ्या जिन्यानं उतरताना तीच शिवी चाकूनं कोरलेली सापडते. ती पुसली जात नाही. जगातल्या असल्या शिव्या पुसायला दहा लाख वर्षंही पुरणार नाहीत, असं काहीतरी बडबडून तो पुढे जातो.

या बडबडीला मी जीभ म्हणते आणि त्या पुसण्याला हात. कादंबरीची सगळी गंमत दोन्हींच्या मधल्या फटीत आहे. होल्डनला स्वतःला ती फट दिसत नाही, वाचकाला दिसते. सोळा वर्षांच्या वाचकाला असं एखादं माणूस, जे आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळलंय, फार क्वचित भेटतं. घरीदारी सगळे त्यालाच ओळखत असतात, त्याचंच निदान करत असतात. इथे उलटं होतं. 'बाबा, तुम्हाला नाही कळणार' या तुमच्या मुलीच्या वाक्यात मला तोच अभिमान ऐकू येतो: मी याला ओळखते.

पण थांबा. हातांची बाजू भरली की मुलं लगेच वकिली करायला लागतात. त्याचं मन चांगलं आहे हो, बोलायलाच तेवढा वाईट. इथे मी ब्रेक लावते, कारण तेही खरं नाही. होल्डनचे दोष शोभेचे नाहीत. त्यांचं बिल दुसऱ्या कुणाला तरी भरावं लागतं. तलवारबाजीच्या संघाचा तो व्यवस्थापक, आणि संघाच्या तलवारी भुयारी रेल्वेत विसरून येतो. सामनाच रद्द होतो, परतीच्या प्रवासात सगळा संघ त्याच्याशी अबोला धरतो. सॅली नावाच्या मैत्रिणीला तो आधी, चल आपण पळून जाऊ, रानात राहू म्हणतो, आणि ती व्यवहाराचं बोलू लागली की असं काही बोलतो की ती रडायला लागते. वर हा हसतो. त्याच रात्री दारू पिऊन तिला फोन करून झोपेतून उठवतो. हे प्रसंग वाचताना आमच्याकडच्या मुली त्याला सोडत नाहीत आणि सोडूही नये.

सगळ्यात मोठं बिल फीबीच्या नावावर येतं. दहा वर्षांची ही मुलगी पुस्तकातली सर्वांत शहाणी व्यक्ती आहे. रात्री चोरून घरी आलेल्या भावाला ती दोन मिनिटांत ओळखते: पुन्हा काढलं ना तुला शाळेतून? मग विचारते, तुला आवडतं असं एक तरी सांग. हा भाऊ, जो दोनशे पानं जगाला नावं ठेवत आलाय, त्याला उत्तर सुचत नाही. आठवतो तो मेलेला भाऊ. फीबी म्हणते, तो मेला आहे, तो धरायचा नाही. निघताना होल्डनकडे पैसे उरलेले नसतात. टॅक्सी, हॉटेल, बार यांत सगळे उडवलेत. म्हणून फीबी तिचे नाताळसाठी साठवलेले आठ डॉलर आणि वरची चिल्लर त्याच्या हातात ठेवते. होल्डन तिथे रडायला लागतो. ते रडू कशाचं, यावर आमच्या खोलीत एकदा पाऊण तास वाद झाला होता. एक मुलगा शेवटपर्यंत म्हणत होता, "पैसे घेतले ना पण त्यानं?" घेतले. तेच तर.

दुसऱ्या दिवशी ती मोठी बॅग ओढत येते, डोक्यावर त्यानंच दिलेली लाल शिकारी टोपी. तू पश्चिमेला पळून चाललास ना, मग मीपण येते. गेले दोन दिवस जे तो नुसतं बोलत होता, ते कुणीतरी खरं मानून कपडे भरून दारात उभं राहिलंय. पहिल्यांदा त्याच्या जिभेला उत्तर द्यायची वेळ येते, आणि तो तिच्यावर खेकसतो, तिला दुखावतो, आणि शेवटी स्वतःचं जाणंच रद्द करतो. इथे तो चांगला वागला की वाईट? मला वीस वर्षांत नीट ठरवता आलेलं नाही. दोन्ही, असं म्हणून सुटता येतं, पण मुलं तसं सुटू देत नाहीत.

दोषी नायक कुठला खरा आणि कुठला सजवलेला, हे ओळखायची माझी एकच खूण आहे: त्याच्या दोषाचे पैसे कोण भरतं? हल्लीच्या पुष्कळ यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्यांत नायिकेचा दोष म्हणजे ती धांदरट असते, उशिरा उठते, फार स्पष्ट बोलते. मुलाखतीत 'तुमचा दोष सांगा' म्हटल्यावर 'मी फार मेहनत करतो' असं उत्तर देणारे उमेदवार असतात, त्यातला प्रकार. धांदरटपणामुळे फार तर कॉफी सांडते, आणि तीही देखण्या मुलाच्या शर्टावर. असल्या कादंबऱ्याही वाचाव्यात, मी रागावत नाही, प्रवासात बऱ्या असतात. पण मुलं त्या तीनदा वाचत नाहीत.

आपल्याकडे बघायचं तर पहिलं नाव निघेल ते तुम्हाला अनपेक्षित वाटेल. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये इथे आमच्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. आपण तिच्याकडे इतकी वर्षं हात जोडून बघतोय की त्यातला श्याम प्रत्यक्षात काय काय करतो हे विसरूनच गेलोय. श्याम भित्रा आहे. पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसतो, आई फोकानं मारत बाहेर काढते. पुस्तकं घ्यायला पैसे हवेत म्हणून चोरी करतो. पहिल्याच रात्रीच्या गोष्टीत आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालायची ताकद तिच्यात नाही. माझ्याऐवजी तू घाल म्हणते, तर याला लोक हसतील म्हणून लाज वाटते. सगळ्या दोषांचं बिल आईनं भरलेलं. तरी श्याम आपल्याला आवडतो, कारण सांगणारा श्याम आता मोठा झालाय आणि तो लहान श्यामला जराही पाठीशी घालत नाही. आश्रमातल्या मित्रांसमोर रात्रीमागून रात्र, बेचाळीस रात्री, स्वतःची लाज स्वतःच मांडत बसतो.

होल्डनच्या बाबतीत लेखकानं नेमकी ही सोय काढून घेतलीय. होल्डन सांगतोय तेव्हा तो सतरा वर्षांचा आहे, घटनेला जेमतेम काही महिने झालेत. मागे वळून 'मी चुकलो' म्हणणारा मोठा होल्डन तिथे नाहीच. ते काम वाचकावर टाकलंय. श्यामच्या गोष्टीवर वाढलेल्या पालकांना हे जड जातं, असा माझा अनुभव आहे. आपण पान उलटत वाट बघतो की आता कुणीतरी येईल आणि याचं चुकलं म्हणेल. कोणी येत नाही. मग वाटतं, लेखकाला हे चालतंय वाटतं!

दुसरा दुवा भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आणि होल्डन यांची तुलना समीक्षकांनी भरपूर केली आहे, त्यात मी भर घालत नाही. मला दोनच गोष्टी खुणावतात. एक, दोघांच्याही बोलण्यातले चाळे. पांडुरंगाचं 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' ज्या जागी येतं, त्याच जागी होल्डन 'वगैरे सगळं' आणि 'खरं सांगायचं तर' अशा अर्थाची पालुपदं टाकतो. वाक्य जिथे मनाला लागण्याच्या बेतात असतं तिथेच. बोचणाऱ्या गोष्टीवर टाकलेली गोधडी आहे ती. तुम्ही 'कोसला' वाचली असेल तर होल्डनच्या पालुपदांचा त्रास एकदम कमी होईल. दुसरी गोष्ट, दोघांच्याही पोटात एक धाकटं भावंड मेलेलं आहे. पांडुरंगाची मनी देवीनं जाते. होल्डनचा अ‍ॅली. दोघंही जगाला नावं ठेवत हिंडतात आणि वाचणाऱ्याला हळूहळू उमगतं की राग जगावर नाहीच.

आणि हो, दोघंही बापाच्या पैशावर हे सगळं करतात. हा आक्षेप आमच्याकडे एका मुलीनं घेतला होता. तिचे वडील भाजीबाजारात गाळा चालवायचे. ती म्हणाली, "माझा भाऊ चार विषयांत नापास झाला असता तर दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गाळ्यावर बसला असता. याला टॅक्सीत बसून उदास व्हायला परवडतं." खोलीत शांतता. कुणाकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. तिला होल्डन शेवटपर्यंत आवडला नाही, फीबी मात्र फार आवडली. असं वाचणं हेही पुरेपूर वाचणं आहे. तुम्हालाही तो आवडायलाच हवा असा काही नियम नाही.

आता मजा कशी येईल ते. गोष्ट शनिवारी दुपारी सुरू होते आणि सोमवारी संपते. तुम्हीही तशीच वाचा, एका शनिवार-रविवार-सोमवारात, जमलं तर निम्मी रात्री जागून. महिनाभर चार-चार पानं वाचलीत तर तो नुसता किरकिरा वाटेल. सलग वाचलीत तर त्याला झोप नाही, पोटात नीट अन्न नाही, थंडी मरणाची आहे, हे तुमच्या अंगावर येतं आणि किरकिरीचं कारण कळतं. पहिली काही पानं मोठ्यानं वाचा. हे पुस्तक लिहिलेलं कमी आणि बोललेलं जास्त आहे. त्या 'गॉडॅम'च्या जागी मनात 'च्यायला' म्हणा. आपल्याकडे एसटीच्या रांगेत मागचा माणूस जितक्या निरागसपणे 'च्यायला' म्हणतो, तितकीच त्या शिवीची धार आहे. आणि हसा. पालक या पुस्तकात हसत नाहीत ही माझी मोठी तक्रार आहे. मेंदूतल्या गाठीची थाप विनोदी आहे. तळ्यातली बदकं हिवाळ्यात कुठे जातात, असं तो टॅक्सीवाल्याला विचारतो आणि टॅक्सीवाला बदकांचं सोडून माशांवरून त्याच्याशी भांडतो, ते तर मी आजही मोठ्यानं हसल्याशिवाय वाचू शकत नाही.

हॉटेलातल्या प्रसंगाची तुम्हाला धास्ती वाटेल, म्हणून आधीच सांगते. हॉटेलचा लिफ्टवाला त्याच्या खोलीत एका वेश्येला पाठवतो. काहीही घडत नाही. होल्डनला वाईट वाटायला लागतं, त्याला नुसतं बोलत बसायचं असतं. पैसे देतो, ती जाते, आणि नंतर लिफ्टवाला जास्तीचे पैसे उकळायला येऊन त्याला ठोसा मारतो. मुलीला तुम्ही याबद्दल विचारलंत तर ती अवघडेल. तिनं काढलं तर बोला.

तुमच्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न मला दिसला: दोन महिन्यांत तीनदा का? बहुतेक वेळा याचं कारण साधं असतं, आवडलं म्हणून. पण ती कुठली पानं पुन्हा पुन्हा उघडते ते जमलं तर बघा. न्यूयॉर्कला उतरल्या उतरल्या होल्डन फोनच्या खोक्यात शिरतो. भावाला करावा का, फीबीला करावा का, या मुलीला, त्या मुलीला. प्रत्येकाला न करायला काहीतरी कारण निघतं. वीसेक मिनिटांनी तो कुणालाच फोन न करता बाहेर येतो. आमच्याकडच्या बारावीतल्या एका मुलीनं पुस्तकात फक्त तेवढंच पान दुमडून ठेवलं होतं. मी दोन शनिवार काही बोलले नाही. तिसऱ्या शनिवारी बस थांब्यापर्यंत बरोबर चालत गेले, तेव्हा कळलं की दिवाळीपासून वर्गात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. पुस्तकानं तिला एकटं केलं नव्हतं. ती एकटी होतीच, पुस्तकात तिला ते खोकं सापडलं. पुढे तिच्याच परवानगीनं आम्ही तिच्या आईशी बोललो. होल्डनही ही सगळी गोष्ट सांगतोय ती कुठल्याशा विश्रांतीच्या ठिकाणाहून, उपचार घेत असताना. हे पहिल्याच पानावर आहे आणि जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतं.

तेव्हा मुलीशी बोलताना 'यातून काय शिकलीस' हे चुकूनही विचारू नका. 'तुला तो कशामुळे आवडतो' हेही नको, ते पोलीस चौकशीसारखं वाटतं. मी मुलांना एक प्रश्न विचारते, तो उसना घ्या: त्याची कुठली थाप तुला सगळ्यात आवडली? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं आणि उत्तर सांगताना मूल स्वतःबद्दल बरंच काही बोलून जातं. आधी तुमचं सांगा. माझं विचाराल तर अर्नेस्टच्या आईला मारलेली थाप, अजूनही. त्या बाई रात्री घरी पोचल्या असतील तेव्हा मुलाकडे वेगळ्या नजरेनं बघितलं असेल, आणि तो नालायक अर्नेस्ट गोंधळून गेला असेल, असा विचार मी उगाचच करत बसते.

आणि वेगळी प्रत विकत आणू नका. तिचीच मागा. तीनदा वाचलेल्या पुस्तकाला कोपरे दुमडलेले असतील, कुठे पेन्सिलीची रेघ असेल, कुठे चहाचा डाग. ती पुसू नका, त्यांच्याबद्दल विचारूही नका. द्यायला तयार झाली तर पाचव्या प्रकरणापासून सुरू करा. पहिली चार नंतर वाचलीत तरी चालतील.